कोल्हापूर ते घनसावंगी, न थांबता

परत आल्यापासून आमच्या कॉलनीतल्या बायका विचारतात, जालना जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे? मी सांगते, पुष्कळ आहे. मोसंबीच्या बागा आहेत, नजर पोचेल तिथवर ऊस आहे, गोदावरी आहे, आणि जालन्यात एका अतिदक्षता विभागाबाहेर हिरव्या रंगाचं लोखंडी बाकडं आहे. त्यावर मी पाच दिवस बसले. पहिल्या तीन गोष्टी मी गाडीच्या काचेतून पाहिल्या. बाकड्याबद्दल मात्र अधिकाराने लिहू शकते.

निमित्त होतं मगऱ्यांच्या नव्या घराचं. आमचे हे पाटबंधारे खात्यात अभियंता होते. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं त्यांनी घनसावंगीच्या बाजूला कालव्यावर काढली, तेव्हा मगरे त्यांच्या हाताखाली कालवा निरीक्षक होते. दोघेही निवृत्त झाले, तरी मगऱ्यांच्या तोंडचा ‘साहेब’ काही निवृत्त झाला नाही. फोनवर म्हणाले, “साहेब, तुम्ही आल्याबिगर मी घरात पाय ठेवत न्हाई.”

पायाचाच प्रश्न होता. यांचा डावा घोटा मोडला होता. माळ्यावरचा डबा काढायला हे स्टुलावर चढले होते, आणि स्टूल कुणी धरलं तर यांचा अपमान होतो. प्लास्टर सहा आठवडे होतं. ते सहा आठवडे यांनी सोफ्यावर, पाय टीपॉयवर ठेवून, क्रिकेट बघण्यात घालवले. व्यायाम म्हणाल तर रिमोटचा. प्लास्टर काढताना हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पायाची बोटं, घोटा सारखा हलवत राहा, थोडं थोडं चाला, लांबचा प्रवास इतक्यात नको. करावाच लागला तर दर तासाला उतरून फिरा, पाणी प्या. पोटरी सुजली किंवा दम लागला तर थेट दवाखाना गाठा. यांनी मान हलवली. हे मान हलवतात त्याचा अर्थ ‘तुमचं बोलून झालं का’ एवढाच असतो.

त्याला आठच दिवस झाले होते. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. हे म्हणाले, “गाडी ऑटोमॅटिक हाय. डाव्या पायाला कामच न्हाय.”

वडीगोद्रीपर्यंत

गाडी थांबवणं म्हणजे हार पत्करणं, असं यांचं तत्त्व आहे. इतके ट्रक आपण मेहनतीने मागे टाकलेले असतात, चहाला थांबलं की ते सगळे पुढे निघून जातात. हे ट्रक कोणत्या शर्यतीत आहेत आणि पहिल्याला बक्षीस कोण देतं, हे मी चौतीस वर्षांच्या संसारात विचारलेलं नाही. पाणीही प्यायचं नाही, कारण पाणी प्यायलं की थांबावं लागतं. मी बाटली उघडली की हे तिरक्या नजरेने बघत, जणू मी दारूची उघडली आहे.

सकाळी सहाला निघालो. सोलापूर आलं, गेलं. धाराशिव पाटीवर वाचलं. बीडच्या अलीकडे पेट्रोलसाठी थांबणं भाग पडलं, तेव्हा मी पळत जाऊन आले. हे उतरले नाहीत. काच खाली केली, टाकी भरून घेतली, काच वर केली. “पाय मोकळा करा की जरा,” मी म्हटलं. “मोकळाच हाय,” हे म्हणाले.

शहागडला पूल आला. मी ओरडले, “अहो, गोदावरी!”

“दिसली न्हवं? झालं तर.”

साडेनऊ तासांत वडीगोद्री गाठलं आणि यांच्या चेहऱ्यावर विक्रमवीराचं तेज आलं. घनसावंगीचा फाटा दाखवायला मगरे हायवेच्या कडेच्या चहाच्या टपरीवर मोटरसायकल घेऊन उभे होते. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, आणि हसू असं की प्रवास सार्थकी लागावा. यांनी दार उघडलं, ऐटीत डावा पाय खाली टेकवला आणि “आई गं” म्हणून परत सीटवर बसले.

“पोटरी धरलीया,” हे म्हणाले.

टपरीवर पाच मिनिटांत चार निदानं झाली, चहासोबत फुकट. चहावाला म्हणाला सायटिका. बाकावरचे एक आजोबा म्हणाले अंगात मीठ कमी पडलं. मोसंबीवाला म्हणाला मोसंबी खा. चौथं निदान मी केलं: “वय झालंय.” चारांतलं एकही बरोबर नव्हतं, पण आत्मविश्वासात कुणी कुणाला हार गेलं नाही.

घनसावंगी

मगऱ्यांचं घर गावाच्या कडेला आहे. समोर ऊस, मागे कपाशी, आणि मधे ताज्या रंगाचा वास. गृहप्रवेश दुसऱ्या दिवशी होता, तोवर सगळ्यांचा मुक्काम शेजारच्या जुन्या घरात. शांताबाईंनी, म्हणजे मगऱ्यांच्या मंडळींनी, मला दारातच मिठी मारली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे विचारत नाहीत, तांब्या हातातच देतात. मी दोन तांबे रिकामे केले. हे म्हणाले, “मला नको, तहानच न्हाय.”

जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आम्हा कोल्हापूरकरांची एक समजूत असते, की तिखट आमच्या गावाबाहेर कुणाला कळत नाही. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची पूड. तिच्या आमटीचा पहिला भुरका मारला आणि माझी ती समजूत नाकातून बाहेर आली.

जेवण झाल्यावर यांचा पाय बघितला. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती, ताठ होती, हाताला गरम लागत होती, थोडी लालसर. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. डोक्यापर्यंत काही पोचलं नाही. माझे वडील तालमीत जायचे, त्यामुळे मालिश आमच्या रक्तातच आहे असा माझा समज होता. शांताबाईंनी ओवा घालून तेल गरम करून दिलं आणि मी पदर खोचून अर्धा तास ती पोटरी रगडली. वरून जोर लावून, अंगठ्याने दाबून, गाठ मोडायची म्हणून. हे कळवळत होते. मी म्हटलं, दुखतंय म्हणजे लागू पडतंय.

त्या कुटुंबात एकच माणूस असं होतं जे माझा हात धरू शकलं असतं. मगऱ्यांची सून सुषमा. शेजारच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात ती काम करते, लोक तिला सिस्टर म्हणतात. पण ती सरकारी प्रशिक्षणाला जालन्याला गेली होती आणि सकाळी यायची होती.

दुसरा दिवस

दहा वाजता गृहप्रवेश. सगळ्यांचे पांढरे कपडे, समोर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. भंतेजी आले, सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. आमच्या वास्तुशांतीला सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत धूर होता, गुरुजींचा मोबाइल मंत्राच्या मधे तीनदा वाजला होता, आणि पाटावर कोण बसणार यावरून माझ्या दोन नणंदा वर्षभर बोलत नव्हत्या. इथे तासाभरात घर शांत झालं, आणि नणंदाही शांतच होत्या.

शांत नव्हते ते हे. मागे खुर्चीवर बसले होते आणि मधूनमधून खोकत होते. मी डोळे वटारले. वंदनेत खोकतात का? मग पाहिलं तर कपाळावर घामाचे थेंब. हात उजव्या बरगडीवर. “श्वास घेतला की सुई टोचतीया,” हे पुटपुटले. फूल वाहायला उठले, दोन पावलं टाकली आणि भिंत धरून परत बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले.

लगेच पाहुण्यांची सभा भरली. कुणी म्हणालं गॅस. कुणी म्हणालं कालची आमटी. हिंग आला, जिऱ्याचा सोडा आला. हे एवढे धापा टाकत होते की सोड्याचा ग्लास ओठांना लागेना. तरी बोलले, “गॅसच हाय. ढेकर आली की संपलं.”

सुषमा खिरीच्या वाट्या घेऊन फिरत होती. पांढरी साडी, केस अजून ओले. तासाभरापूर्वी बसने येऊन अंघोळ करून कामाला लागलेली. यांच्यापुढे वाटी धरली आणि ती तशीच थांबली. वाटी माझ्या हातात देऊन तिने यांचं मनगट धरलं.

“काका, दम कधीपासून लागून राह्यला?”

“दम न्हाय पोरी, गॅस.”

ती आत गेली आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आली. कोरोनात घरोघर घेतलेलं, नंतर घरोघर ड्रॉवरमध्ये पडलेलं. तिचं चालू होतं. आकडा शहाऐंशी आला. तिने बोट बदललं. सत्त्याऐंशी. मग खाली वाकून यांच्या पायजम्याचे दोन्ही पाय वर सारले आणि दोन पोटऱ्यांकडे नुसतं बघितलं.

“काकू, या पायाला काय झाल्तं?”

मी सांगितलं. घोटा, प्लास्टर, सोफा, नऊ तास गाडी. तिचा चेहरा एकेका शब्दागणिक बदलत गेला.

“काल काही लावलं का याला?”

“मालिश केलं,” मी म्हटलं. “चांगलं अर्धा तास.”

“आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं,” ती मगऱ्यांना म्हणाली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

मगरे मधे पडले. “सुषमा, साहेब इतक्या लांबून आल्ते. दोन घास खाऊ दे, मंग नेऊ दवाखान्यात.”

“मामा, जेवायला काका राह्यले पायजेत ना,” ती सासऱ्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. सुनेने असं बोललेलं त्या घरात बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं जात होतं.

“अगं, गॅसच…” यांनी पुन्हा सुरुवात केली.

“काका, गॅसनं एकच पाय सुजत न्हाई.”

चौतीस वर्षांत यांना गप्प करणारं वाक्य मला सापडलं नव्हतं. तिला चार मिनिटांत सापडलं.

हे उठून गाडीकडे निघाले. सुषमाने खांद्यावर हात ठेवून बसवलं. “बिलकुल चालायचं न्हाई. मामा, खुर्चीसकट उचला. जल्दी.” चार माणसांनी खुर्ची उचलली. गृहप्रवेशाला आलेला पाहुणा पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांच्या मधून असा वरातीसारखा बाहेर निघाला. मी मागून खिरीची वाटी घेऊन धावत होते. ती कुठे ठेवायची ते मला सुचलं नाही.

घनसावंगीच्या सरकारी दवाखान्यात यांच्या नाकाला ऑक्सिजन लावला, छातीचा ईसीजी काढला. तिथल्या डॉक्टरांनी सुषमाचं म्हणणं मधे न तोडता ऐकून घेतलं, जालन्याला फोन लावला, रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला रुग्णवाहिकेत बसवलं. सुषमाही चढली. स्वतःच्या घराचा पहिला दिवस सोडून.

अंबड गेल्यावर यांनी माझा हात धरला. ओठ निळसर झाले होते. “मरतोय काय गं मी?”

मला प्रत्येक गोष्टीवर बोलायची सवय आहे. त्या वेळी मी नुसता हात दाबला. सुषमा म्हणाली, “काका, बोलायचं न्हाई. माझ्याकडं बघा. हळू श्वास घ्या.” जालना येईपर्यंत ती यांच्याशी एकटी बोलत राहिली, कालव्याबद्दल, उसाबद्दल, आठवेल ते. मोसंबीच्या बागा तेव्हाच दिसल्या असणार.

जालना

तिथल्या डॉक्टरबाई शेख. बारीक चणीच्या, हळू आवाजाच्या. छातीचं स्कॅन करून त्यांनी मला आत बोलावलं. दोन्ही फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या अडकल्या होत्या.

“ताई, पाय हलतो तेव्हा पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. इथं आधी हाड मोडलं, मंग सहा आठवडे पाय बांधलेला, मंग नऊ तास बैठक, पाणी न्हाई. आतल्या शिरेत रक्त थांबलं आणि गोठलं. त्याचा तुकडा सुटला, हृदयातून निघाला आणि फुप्फुसात जाऊन बसला. मोठा तुकडा असता तर तुम्ही इथपर्यंत आल्या नसत्या.”

“माझ्या मालिशने सुटला का?” मी विचारलं.

“सांगता येत न्हाई. आपोआपही सुटतो. पण एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली तर तिला चोळायचं न्हाई, एवढं बराबर ध्यानात ठेवा.”

त्या खोटं बोलल्या असत्या तर चाललं असतं. बोलल्या नाहीत, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. ऑपरेशन झालेले, बाळंतीण, कॅन्सरचे रुग्ण, वजन जास्त असलेले, पाळणा लांबवायच्या काही गोळ्या घेणाऱ्या, घरात कुणाला आधी गुठळी झालेली: यांनी जास्त जपायचं. लवकर उठायचं, हलायचं, पाणी प्यायचं, लांब जायचं तर डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करायच्या गोळ्या सांगितल्या तर त्या मनाने बंद करायच्या नाहीत.

“काका काय काम करत होते?” त्यांनी विचारलं.

“कालव्यावर होते.”

“मंग त्यांना तरी कळायला पायजे होतं, वाहतं थांबलं की काय होतं ते.”

बाकड्यावर माझ्या शेजारी एक बाई बसायच्या. परतूरकडच्या. त्यांचे यजमान गोठ्यात घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशनला घाबरून घरच्यांनी त्यांना खाटेवर तीन आठवडे निजवून ठेवलं होतं, अगदी प्रेमाने, कूस बदलायलाही दोघं धरायची. मग एकदम दम लागला. यांचंच दुखणं, दोन बेड सोडून. बाईंनी मला आपल्या डब्यातले धपाटे आणि दही दिलं. मी म्हटलं, आमच्याकडे थालीपीठ करतात, पण त्याला ही चव नाही. त्या म्हणाल्या, “घरी या, करून खाऊ घालते. ह्यांना बरं वाटू द्या.”

तिसऱ्या दिवशी दुपारी आतून धावपळ ऐकू आली. पाऊण तासाने डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्या बाईंच्या पुढ्यात खाली बसल्या, जमिनीवर. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. बाई रडल्या नाहीत. “आम्ही तर त्यांना हलू पण दिलं न्हाई, मॅडम,” एवढंच म्हणत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. डबा अजून माझ्याकडे होता. तो धुऊन मी त्यांच्या भावाकडे दिला.

त्या दिवसाबद्दल मला काही टोमणा सुचत नाही.

संध्याकाळी आत सोडलं तेव्हा हे छताकडे बघत होते. “दोन बेड पलीकडचा गेला,” हे म्हणाले. “काल त्याला सुषमाचं सांगितलं, तर म्हणाला, तुमची ही सिस्टर कुठल्या गावची?” मी पाणी दिलं. अख्खा ग्लास प्यायले, आणि दुसरा मागितला.

पुन्हा घनसावंगी

आठव्या दिवशी सुट्टी मिळाली. कोल्हापूरला लगेच निघायचं नाही, आधी आठवडाभर जवळपास राहा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मगऱ्यांना तेवढंच पाहिजे होतं. नव्या घरातली पहिली पाहुण्यांची खोली आम्हाला मिळाली. मगरे सकाळ-संध्याकाळ यांना अंगणात फिरवत. “साहेब, अजून एक चक्कर. सुषमानं सांगून ठेवलं.” ज्या माणसाने आयुष्यभर यांचे हुकूम ऐकले, तो आता सुनेचे हुकूम यांच्यापर्यंत पोचवत होता, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एके सकाळी हे म्हणाले, सिस्टरच्या उपकेंद्रात जाऊन येऊ, आभार मानायचे राहिलेत. मी म्हटलं, ती घरातच असते की, संध्याकाळी माना. “घरात न्हाय,” हे म्हणाले. “तिच्या ऑफिसात मानायचे.”

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं छप्पर. बाहेर दहा-बाराजणी बसलेल्या. सुषमा एका सासूबाईंशी वाद घालत होती. सूनबाईचं सिझर होऊन आठवडा झाला होता आणि सासूबाईंच्या मते सव्वा महिना तिने खाटेवरून पाय खाली ठेवायचा नव्हता.

“आजी, तिला घरातल्या घरात चालू द्या,” सुषमा सांगत होती. “पाणी पिऊ द्या भरपूर. पडून राह्यली तर पायात रक्त गोठतं.”

“आमच्या टायमाला असं काही नव्हतं गोठत,” आजी म्हणाल्या. “तुला काय कळतं? तुला अजून लेकरू न्हाई.”

सुषमाने आम्हाला पाहिलं. उठली नाही. “काका, बसा. या सगळ्यांचं झालं की बघते तुम्हाला.”

हे बसले नाहीत. पायजम्याचा पाय वर करून थेट त्या आजींच्या समोर जाऊन उभे राहिले. पोटरी अजून पुरती उतरली नव्हती. मला वाटलं आता भाषण होणार, पाटबंधारे खात्याच्या आवाजात.

“आजी,” हे म्हणाले, “मला बी डॉक्टरनं हेच सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाय. माझं चुकलं.”

छपराखाली सगळ्या बायका यांच्या पायाकडे बघायला लागल्या. आजींनी जवळ वाकून पोटरी निरखली, मग सुनेकडे पाहिलं. सूनबाई भिंतीला धरून उभी राहिली, हळूहळू दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. आजी तिच्या मागोमाग पदर सावरत चालत होत्या.

मी बाहेर उसाकडे तोंड करून उभी राहिले. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते, आणि आताही ते मला उद्देशून नव्हते. पण तिथे मी एकटीच अशी होते जिला ते पुरते ऐकू आले, म्हणून यांना दिसणार नाही अशा बेताने डोळे पुसले.